लाटांची वीज किनाऱ्यापर्यंत आणण्याचा हिशेब

सागरी लाटांपासून मिळणाऱ्या विजेवर गेल्या अंकात आलेल्या लेखात यंत्रांचे प्रकार आणि त्यांच्या चाचण्या यांची माहिती होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मात्र यंत्रांविषयी नसून ग्रिडच्या जोडणीविषयी आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या क्षेत्राचे भवितव्य ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो नेमका हाच आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : लाटांवर चालणारी यंत्रे गेली कित्येक वर्षे समुद्रात उतरवली जात आहेत आणि ती सुधारत असल्याचेही वाचनात येते. मग ग्रिडला जोडणे परवडत नाही, असे का म्हटले जाते? दहा-पंधरा किलोमीटरची केबल एवढा हिशेब बिघडवू शकते का?

उत्तर : बिघडवू शकते, आणि त्याचे कारण केबलच्या लांबीपेक्षाही प्रकल्पाच्या लहान आकारात आहे. समुद्रतळाचे सर्वेक्षण, परवाने, केबल टाकणाऱ्या खास जहाजाचे भाडे, किनाऱ्याच्या वाळूखालून आडवे छिद्र पाडून केबल जमिनीवर घेणे आणि तिथे उपकेंद्र उभारणे, हा सगळा खर्च प्रकल्प एक मेगावॅटचा असला तरी करावाच लागतो आणि पन्नास मेगावॅटचा असला तरी त्याच्या प्रमाणात वाढत नाही. मोठ्या पवनप्रकल्पात तो शेकडो मेगावॅटवर विभागला जातो. लाटांचे प्रकल्प अजून काही शे किलोवॅट ते दोन-तीन मेगावॅट एवढेच असल्यामुळे तोच भार थोड्याशा युनिटांवर येऊन पडतो.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटरवर २०१० मध्ये उभारलेल्या 'वेव्ह हब'चे आकडे घेऊन हे पाहता येईल. यंत्रे नंतर कोणीही आणावीत, जोडणी मात्र आधीच तयार असावी, या विचाराने तिथे केबल, समुद्रतळावरचे जोडणी-केंद्र आणि किनाऱ्यावरचे उपकेंद्र उभारले गेले. त्यावर सुमारे ४.२ कोटी पौंड खर्च झाले आणि सुरुवातीची क्षमता २० मेगावॅट ठेवण्यात आली. आता आपण स्वतः एक अंदाजी हिशेब मांडू. ही रक्कम ८ टक्के व्याजाने २५ वर्षांत फेडायची म्हटले, तर वर्षाचा हप्ता ३९ लाख पौंडांच्या आसपास येतो. सर्व २० मेगावॅट जागा भरली आणि यंत्रांनी वर्षभरात सरासरी ३० टक्के क्षमतेने वीज दिली, तर वर्षाला सुमारे ५.२५ कोटी युनिट मिळतील, म्हणजे एका युनिटमागे निव्वळ जोडणीचेच साडेसात पेन्स पडतील. यात यंत्रांची, दोरखंड-नांगरांची किंवा दुरुस्तीची किंमत अजून आलेलीच नाही. आणि २० ऐवजी ५ मेगावॅटचीच यंत्रे आली, तर हाच आकडा ३० पेन्सांवर जातो. केबल तीच, समुद्र तोच आणि यंत्रही तेच असूनही केवळ जागा रिकामी राहिल्यामुळे जोडणी चौपट महाग होते.

प्रत्यक्षात तिथे ३० पेन्सांचा हिशेबही मांडता आला नाही. चाचणीसाठी यंत्र समुद्रात उतरवले गेले, पण त्या केबलमधून लाटांची वीज ग्रिडकडे गेली नाही, आणि २०२१ मध्ये ही जागा तरंगत्या पवनचक्क्यांसाठी हेक्सिकॉन या स्वीडिश कंपनीकडे गेली. या उदाहरणावरून अनेकजण लाटांची वीजच निरुपयोगी ठरवून मोकळे होतात. तो निष्कर्ष मला मान्य नाही. यंत्रे तयार होण्याच्या कितीतरी आधी जोडणी तयार झाली आणि त्या दोन वेळापत्रकांमधले अंतर भरून काढणारे भांडवल कोणापाशीच नव्हते, असे माझे वाचन आहे.

याच्या उलट उदाहरण स्पेनच्या बास्क प्रदेशातील मुत्रिकू बंदराचे आहे. तिथे बंदरासाठी लाटरोधक बंधारा बांधायचाच होता. त्या बंधाऱ्याच्या पोटातच हवेच्या दाबावर चालणारी १६ टर्बाइन बसवून २०११ मध्ये २९६ किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. क्षमता किरकोळ आहे हे खरे, परंतु समुद्राखालची केबल नाही, जहाज नाही, आणि दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ दार उघडून चालत आत जाऊ शकतो. किनाऱ्याला येईपर्यंत लाटेची बरीच ऊर्जा उथळ तळाशी झालेल्या घर्षणात आणि फुटण्यात खर्ची पडते. ती गमावण्याच्या बदल्यात जोडणीचा जवळजवळ सगळा खर्च वाचवायचा, असा हा सौदा आहे, आणि लहान प्रमाणावर तो शहाणपणाचा ठरतो.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लाट दर काही सेकंदांनी वर-खाली होते, म्हणजे वीजही तशीच कमी-जास्त होणार. ग्रिडला हे कसे चालते, आणि त्याची किंमत खर्चाच्या हिशेबात नेमकी कुठे दिसते?

उत्तर : आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खोल समुद्रात लाटेच्या एक मीटर रुंदीमागे मिळणारी शक्ती ढोबळमानाने काढायची असेल, तर लाटांच्या लाक्षणिक उंचीचा (म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांच्या सरासरी उंचीचा) मीटरमधील वर्ग करून त्याला सेकंदांतील आवर्तकालाने (एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधल्या वेळाने) गुणावे आणि उत्तर निम्मे करावे, म्हणजे किलोवॅटमध्ये आकडा मिळतो. दोन मीटर उंचीच्या, आठ सेकंदांच्या लाटांमध्ये १६ किलोवॅट असतात, तर चार मीटर उंचीच्या, दहा सेकंदांच्या लाटांमध्ये ८० किलोवॅट. उंची दुप्पट झाली आणि आवर्तकालही थोडा वाढला, की शक्ती पाचपट, हे ऋतूंच्या आणि वादळांच्या पातळीवरचे चढउतार झाले. आपण विचारलेले चढउतार याहून वेगळे, सेकंदांच्या पातळीवरचे आहेत. लाट चढताना एकदा आणि उतरताना एकदा यंत्राला ढकलते, त्यामुळे दहा सेकंदांच्या लाटेत साधारण दर पाच सेकंदांनी शक्तीचा एक उंचवटा येतो, आणि साठवणीची काहीच सोय नसलेल्या यंत्रात तो सरासरीच्या कित्येक पट असू शकतो.

याची किंमत पहिल्यांदा यंत्रातच मोजावी लागते. जनित्र, पॉवर कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर हे सरासरीसाठी नव्हे तर उंचवट्यासाठी घ्यावे लागतात, म्हणजे वर्षातील बहुतेक काळ अर्धवट कामावर राहणाऱ्या सामग्रीत भांडवल अडकते. दुसरी किंमत केबलच्या आत, उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते आणि ती सहज नजरेतून सुटते. तारेतील व्यय, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा सरासरी तीच राहिली, परंतु शक्ती शून्य आणि सरासरीच्या दुप्पट यांच्यामध्ये नियमित हेलकावे खाऊ लागली, तर वर्गांची सरासरी दीडपट भरते, म्हणून तेवढीच वीज नेताना केबलमधला व्ययही दीडपट होतो. तिसरी किंमत जमिनीवर, ग्रिडच्या टोकाशी असते. सर्वांत मोठ्या लाटा येतात ते किनारे बहुधा विरळ वस्तीचे असतात, आणि तिथे पोहोचणारी वितरणवाहिनी थोड्याशा घरांना वीज देण्यापुरतीच आखलेली असते. अशा दुबळ्या वाहिनीत उलट दिशेने हेलकावणारी वीज लोटली, की व्होल्टेज वर-खाली होऊ लागते, दिवे लुकलुकतात, आणि वीजकंपनी साहजिकच नियमांची वही उघडते. सागरी ऊर्जायंत्रांच्या विजेच्या दर्जासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने वेगळा तांत्रिक निर्देश काढला आहे, तो याच कारणासाठी.

यावर उपाय आहेत. पेलामिस या सापासारख्या लांबट यंत्रात लाटेचा धक्का आधी उच्च दाबाच्या तेलात साठवला जात असे आणि मग त्या तेलावर जनित्र संथपणे फिरवले जात असे. ऑयस्टर हे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातील यंत्र तर समुद्रात वीज तयारच करत नसे. ते दाबाखालचे पाणी नळाने किनाऱ्यावर पाठवी आणि तिथे जलविद्युत टर्बाइन चाले, म्हणजे विजेची सगळी नाजूक सामग्री कोरड्या जमिनीवर राही. परंतु सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक यंत्रे. ती समुद्रात विखरून ठेवली की प्रत्येकाला लाट वेगळ्या क्षणी गाठते, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात मिसळतो आणि किनाऱ्याच्या उपकेंद्राला पोहोचणारी वीज आपोआप सपाट होऊ लागते. म्हणूनच मोठा प्रकल्प हा केवळ केबलचा खर्च विभागण्यासाठी नव्हे, तर विजेचा दर्जा सुधारण्यासाठीही लागतो. एकट्यादुकट्या यंत्राच्या चाचणीवरून संपूर्ण क्षेत्राच्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यायला हवी.

आता विद्यार्थ्याने मुद्दाम हिशेब मांडून पाहावा अशी एक गोष्ट. केबल सर्व यंत्रांच्या एकत्रित कमाल क्षमतेएवढी जाड असली पाहिजे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण सगळी यंत्रे एकाच वेळी कमाल वीज देत आहेत असे तास वर्षात फार थोडे असतात. त्या थोड्या तासांसाठी केबलची क्षमता वाढवण्यापेक्षा तेवढा वेळ यंत्रांना जरा आवरते घेणे स्वस्त पडते. शिवाय समुद्रतळात पुरलेली केबल तापायला पाच सेकंद नव्हे, तास लागतात, कारण भोवतालची वाळू आणि माती उष्णता शोषून घेत असते. त्यामुळे लाटेगणिक येणारे उंचवटे तिला धोकादायक नसतात, आणि क्षमता ठरवताना काही तासांचा, वर्गांच्या सरासरीतून काढलेला प्रवाह धरणे योग्य ठरते. व्होल्टेजची निवडही इथेच करावी लागते. ११ किलोव्होल्टऐवजी ३३ किलोव्होल्ट घेतले, तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक तृतीयांश आणि त्याच जाडीच्या तारेतला व्यय एक नवमांश होतो. २० मेगावॅट नेण्यासाठी ११ किलोव्होल्टवर हजाराहून अधिक अँपिअर लागतात, तर ३३ किलोव्होल्टवर साधारण ३५० अँपिअर पुरतात. त्याच्या बदल्यात समुद्रात ट्रान्सफॉर्मर उभा करावा लागतो, आणि समुद्रातल्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती ही स्वतंत्र डोकेदुखी असते. केबल, तिचा व्यय, वाया घालवलेली वीज आणि ट्रान्सफॉर्मर या चौघांची बेरीज सर्वांत कमी कुठे येते, ते शोधणे हे खरे अभियंत्याचे काम.

प्रश्न : मी पारेषण विभागात नोकरी करून निवृत्त झालो. ग्रिडच्या बळकटीकरणाचा खर्च प्रकल्पवाल्यानेच द्यावा, अशी आमची शिस्त होती. लाटांच्या प्रकल्पांना त्यातून सूट का द्यावी?

उत्तर : आपण सांगता त्या शिस्तीमागे तर्क आहे. जो गैरसोयीच्या जागी प्रकल्प उभारतो, त्याने त्या गैरसोयीची किंमत द्यावी, नाहीतर जो तो वाटेल तिथे जोडणी मागेल. परंतु खर्चाची विभागणी कुठे करायची, याबाबत जगात एकच पद्धत नाही. काही ठिकाणी प्रकल्पाने जवळच्या उपकेंद्रापर्यंतचाच खर्च द्यायचा असतो आणि त्यापुढचे बळकटीकरण सर्व ग्राहकांच्या दरात मिसळले जाते. काही ठिकाणी मात्र त्या एका जोडणीमुळे आतल्या भागातील वाहिन्या वाढवाव्या लागल्या, तर तेही बिल त्याच प्रकल्पाच्या माथी मारले जाते. जर्मनीत समुद्रातील पवनप्रकल्पांपर्यंत तार नेण्याची जबाबदारी २००६ च्या कायद्याने पारेषण कंपन्यांवर टाकली. ब्रिटनमध्ये सामान्यतः प्रकल्पवाला केबल स्वतः बांधतो आणि नंतर ती स्पर्धात्मक निविदेतून निवडलेल्या स्वतंत्र पारेषण कंपनीला विकतो. शिवाय ब्रिटनमध्ये पारेषणाचे शुल्क ठिकाणानुसार बदलते आणि मागणीच्या केंद्रांपासून दूर असलेल्या उत्तर स्कॉटलंडमधील उत्पादकांना ते अधिक पडते. लाटांची उत्तम जागा आणि महाग शुल्काची जागा नेमकी एकच ठरते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील ल्यूइस बेटाजवळ जे घडले ते मला फार चटका लावणारे वाटते. ऑयस्टर बनवणाऱ्या अ‍ॅक्वामरीन पॉवर या कंपनीला तिथल्या ४० मेगावॅटच्या लाटाप्रकल्पासाठी २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. परंतु बेटातून मुख्य भूमीकडे एवढी वीज नेणारी केबलच नव्हती. नवी केबल टाकायची, तर ती फक्त लाटांच्या ४० मेगावॅटसाठी परवडण्यासारखी नव्हती. ती पवनप्रकल्पांच्या शेकडो मेगावॅटच्या भरवशावर आखली जात होती आणि तिचे वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे सरकत राहिले. जोडणीची तारीख निश्चित नसेल तर गुंतवणूकदार थांबत नाहीत. २०१५ मध्ये कंपनी बंद पडली. त्याआधी वर्षभरापूर्वी पेलामिस बनवणाऱ्या कंपनीचीही तीच गत झाली होती. या दोन्ही कंपन्यांच्या अखेरीला जोडणी हेच एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही, कारण यंत्रांच्या अडचणी आणि भांडवलाची टंचाई हीही होतीच. पण तार कधी येणार हेच ठाऊक नसेल, तर उत्पन्न कधी सुरू होणार हेही सांगता येत नाही, आणि लहान कंपनीला ती अनिश्चितता मोठ्या कंपनीपेक्षा कितीतरी लवकर संपवते.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे : सूट सरसकट देऊ नये. खर्चाची जबाबदारी प्रकल्पावर राहू द्यावी, पण रिकाम्या राहणाऱ्या जागेची जोखीम त्याच्यावर टाकू नये. केबल आज २० मेगावॅटची टाकली आणि पहिला प्रकल्प ५ मेगावॅटचा असला, तर त्याने पाच मेगावॅटचाच वाटा द्यावा, आणि उरलेल्या पंधरा मेगावॅटचा भार पुढचे प्रकल्प येईपर्यंत सार्वजनिक निधीने किंवा पारेषण कंपनीने उचलावा. वेव्ह हबच्या अनुभवानंतर ही सूचना धाडसाची वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु ती जागा शेवटी दुसऱ्या ऊर्जाप्रकारासाठी घेतली गेली, हेही विसरता येत नाही. परवाने असलेली जागा आणि किनाऱ्यापर्यंतची केबल ही एकाच प्रकारच्या यंत्राशी बांधलेली नसते, त्यामुळे ती संपूर्ण बुडीत खाती जाण्याची शक्यता यंत्रांवरील गुंतवणुकीपेक्षा कमी असते.

प्रश्न : केबलवर एवढा खर्च करण्यापेक्षा समुद्रातच हायड्रोजन बनवावा किंवा वीज बॅटरीत साठवावी, हे सोपे नाही का?

उत्तर : सोपे नाही, पण काही ठिकाणी योग्य आहे. हायड्रोजन बनवताना आणि पुन्हा त्याची वीज करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते, म्हणून जिथे केबल पोहोचू शकते तिथे केबलच परवडते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर हायड्रोजनचा प्रयोग झाला तो केबल भरून गेल्यामुळे. तिथे वर्षाकाठी बेटांच्या गरजेपेक्षा जास्त वीज तयार होते, पण मुख्य भूमीकडे जाणाऱ्या ३३ किलोव्होल्टच्या दोनच केबली असल्याने वाऱ्याच्या दिवसांत निर्मिती बंद ठेवावी लागते. नवी केबल येण्याआधी तिथे २००९ पासून एक साधा, पण विलक्षण परिणामकारक उपाय वापरला गेला. ग्रिडवरचा भार क्षणोक्षणी मोजायचा आणि जागा नसेल तेव्हा ठरलेल्या क्रमाने शेवटच्या उत्पादकाला आपोआप कमी करायचे. त्यासाठी सुमारे ५ लाख पौंड लागले, तर नव्या वाहिन्यांचा अंदाज ३ कोटी पौंडांच्या घरात होता. उशिरा येणाऱ्याला काही तासांची वीज गमवावी लागते, परंतु जोडणी आजच मिळते. लाटांच्या पहिल्या प्रकल्पांसाठी अशी सशर्त जोडणी मला बहुतेक वेळा पक्क्या जोडणीपेक्षा हिताची वाटते.

आणि जिथे ग्रिडची गरजच नाही, अशी बाजारपेठही आहे. समुद्रतळावरची उपकरणे, मत्स्यशेती, खारे पाणी गोडे करणे यांना आज डिझेल किंवा फार लांबून आणलेली केबल लागते. २०२३ मध्ये ऑर्कनीजवळ ब्ल्यू एक्स हे लाटायंत्र समुद्रतळावरील बॅटरीला जोडून समुद्राखालच्या उपकरणांना वीज पुरवण्याची चाचणी झाली. अशा ग्राहकाला मिळणाऱ्या युनिटची किंमत ग्रिडच्या दराशी लढत नाही, डिझेलच्या बोटीशी लढते, आणि तिथे लाटायंत्र जिंकू शकते.

प्रश्न : समुद्रातील पवनचक्क्यांच्या केबलमध्येच लाटांची वीज घालता येणार नाही का?

उत्तर : येईल, आणि माझ्या मते पुढील काळात लाटांच्या ग्रिडजोडणीचा सर्वांत व्यवहार्य मार्ग हाच आहे. पवनप्रकल्पाची केबल वर्षातील बराच काळ अर्धवट रिकामी असते. दूरच्या वादळांतून आलेल्या लाटा स्थानिक वारा पडल्यावरही तासन्‌तास, कधी दिवसभर येत राहतात, त्यामुळे दोहोंची वीज नेमकी एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही. शिवाय लाटांचा अंदाज वाऱ्यापेक्षा अधिक भरवशाने आधी देता येतो, म्हणजे ग्रिडचालकाला राखीव वीज कमी ठेवावी लागते. एकाच जागेवर वारा आणि लाटा यांचे नाते किती घट्ट आहे यावर हा फायदा अवलंबून असतो. स्थानिक वाऱ्यानेच उठणाऱ्या लाटांच्या समुद्रात तो फारसा मिळणार नाही, दूरवरून येणाऱ्या लांब लाटांच्या महासागरी किनाऱ्यांवर तो ठळक मिळतो.

अडचण आहे ती कामाच्या पद्धतीची. तरंगत्या यंत्राची केबल सतत वाकत-हलत राहते, तिची जोडणी करायला बोटीवर केबलचे टोक उचलून घ्यावे लागते, आणि त्यासाठी लागतात शांत समुद्राचे काही सलग तास. जागा मात्र मोठ्या लाटांसाठीच निवडलेली असते. समुद्रातील पवनप्रकल्पांच्या विम्याच्या दाव्यांतही केबलींचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. आपल्या केबलला असा पाहुणा जोडला आणि त्याच्या बिघाडाने पवनचक्क्या थांबल्या, तर नुकसान कोणाचे, हे करारात आधी लिहिल्याशिवाय कोणताही पवनप्रकल्प तयार होणार नाही. पोर्तुगालच्या अगुसादौरा इथे २००८ मध्ये पेलामिसची तीन यंत्रे काही आठवड्यांतच किनाऱ्यावर परत आणावी लागली होती. त्याच किनाऱ्यावर २०२३ मध्ये कॉरपॉवर कंपनीच्या एका तरंडाने ग्रिडला वीज दिली आणि हिवाळी वादळांतूनही तो तगला. असा टिकाऊपणा एका यंत्राऐवजी दहा-वीस यंत्रांनी सलग काही हिवाळे दाखवला, तर विमा कंपन्या हप्ते उतरवतील, आणि तेव्हा सामायिक केबलचा करार लिहिणे वकिलांना आजच्या इतके अवघड जाणार नाही.